पायांनी ओलांडायचा परदेश

सांगलीच्या आमच्या ताईच्या कपाटात एक खाकी पाकीट असे. त्यावर भावोजींच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला : ‘युरोप’. आत मुदत ठेवीच्या दोन पावत्या, दोघांचे कोरे करकरीत पासपोर्ट आणि एका सहल कंपनीचे गुळगुळीत माहितीपत्रक. निवृत्तीनंतर स्वित्झर्लंडचा बर्फ बघायचा, हे भावोजींचे ठरलेले होते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली तेव्हा पाकीट नेमके खालच्या कप्प्यात होते. पासपोर्टची पाने एकमेकांना चिकटली. पैसे बँकेत होते म्हणून वाचले, असे आम्ही म्हणालो खरे. पण फुगलेली दारे, पोपडे आलेल्या भिंती, नवा फ्रिज, नव्या गाद्या यांत ते कधी संपले ते कळलेही नाही. पुढच्या वर्षी भावोजी गेले. ताईने परदेशाचे नाव टाकले.

मी साताऱ्याची. पूर ओसरल्यावर साफसफाईला मी गेले होते. गाळ काढता काढता ताई म्हणाली होती, “तुझ्या डोंगरांवरचा पाऊस गं, माझ्या स्वयंपाकघरात आलाय.” खोटे नव्हते. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, कोयनाही तिथलीच. दोघी कऱ्हाडला भेटतात आणि मग सांगलीकडे निघतात. तेव्हापासून डोंगर म्हटले की ताईच्या कपाळाला आठी.

म्हणून गेल्या भाऊबीजेला माझ्या मुलाने विषय काढला आणि ताई “बघू” म्हणाली, तेव्हा मलाच आश्चर्य वाटले. मुलाने लगेच नवीन माहितीपत्रके आणली. अकरा दिवस, सात देश! मी शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसले. बसमधले तास, विमानतळावरचे तास, जेवणाचे तास वजा केले. डोंगरासमोर उभे राहायला उरला जेमतेम दीड तास. युंगफ्राउयोखला आगगाडीच माणसाला 3454 मीटरवर नेऊन सोडते, ही मोठीच करामत. पण तिथेही मार्गदर्शकाची नजर घड्याळावर. शिवाय खर्चाचा आकडा ताईच्या पेन्शनला झेपणारा नव्हता, आणि कुणाकडून घ्यायला ती तयार नव्हती.

“तुला नेमकं काय बघायचंय?” मी विचारले.

“दुकानं नकोत, राजवाडे नकोत,” ती म्हणाली. “एक बर्फाचा डोंगर. आणि त्याच्यापुढं बसलं की मागून कुणी ‘चला, चला’ म्हणू नये.”

माझ्या मते पहिल्या परदेशवारीची आखणी इथूनच सुरू व्हावी. आपण उलटे करतो. आधी देश ठरवतो, मग तारखा, आणि आपल्या पायांना काय झेपेल, कशात आनंद वाटेल, हे विमानात बसल्यावर आठवते. आम्ही ताईचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि शोधाला लागलो. उत्तर निघाले नेपाळ. अन्नपूर्णेच्या बाजूची पून हिलची वाट.

घरात हसू झाले. “नेपाळ म्हणजे काय परदेश?” इति आमचे हे. मी म्हटले, व्हिसा लागत नाही, मान्य. पण घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे आहे, चलन वेगळे आहे, आणि आपल्या 100 रुपयांचे तिथे 160 होतात; एवढे परकेपण आम्हाला पुरे. उलट पाट्या देवनागरीत असतात, त्यामुळे परमुलुखात वाट विचारायचा संकोच नाही. ताईला सगळ्यात भावले ते वेगळेच. भारतीयांना तिथे जायला पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालते. पुरात तेवढे एक तिच्या पर्समध्ये होते.

तर बेत असा. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा. सोनौलीला कमानीखालून चालत पलीकडे जाता येते. विमानाने काठमांडूला उतरणे सोपे होते, पण ताईचा हट्ट, परदेश पायांनीच ओलांडायचा. पुढे बसने पोखरा, फेवा तलावाकाठी दोन दिवस निव्वळ विश्रांती. मग चढण : उल्लेरीच्या दगडी पायऱ्या, घोरेपाणीला मुक्काम आणि पहाटे अंधारात पून हिल, 3210 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. समोर धवलगिरी, अन्नपूर्णा आणि माशाच्या शेपटीसारखे माछापुच्छ्रे. उतरताना घांद्रुक. वाटेवर ठिकठिकाणी राहण्याजेवण्याची सोय असते, त्यामुळे तंबूचे ओझे नाही. 2023 पासून तिथे परदेशी पदयात्रींसाठी वाटाड्या घेण्याचा नियम आला आहे. आम्ही नियम नसता तरी घेतलाच असता. मार्च अशासाठी की तेव्हा त्या रानात लाली गुराँस फुलतो, आणि आकाश सहसा सकाळी स्वच्छ असते.

डॉक्टरांनी दोघींना तपासले. माझा रक्तदाब, ताईचे गुडघे. ते म्हणाले, अडीच हजार मीटरच्या वर घाई करायची नाही, पाणी भरपूर प्यायचे, डोके दुखून मळमळू लागले तर अभिमान न धरता खाली यायचे. आणि आतापासून चालायला लागा. म्हणून तीन दिवसांची चढण आम्ही पाच दिवसांत वाटली.

चालायचे कुठे, हा प्रश्न मला नव्हता. साताऱ्याची माणसे सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातात तशी सहज जातात. यवतेश्वरचा घाटही हाताशी. प्रियांका मोहिते याच साताऱ्याच्या. 2013 मध्ये त्या एव्हरेस्टवर गेल्या आणि 2021 च्या एप्रिलमध्ये अन्नपूर्णा शिखरावर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. आम्ही त्या पर्वताकडे लांबून नुसते बघणार, तरी आपल्या गावची पोर तिथे जाऊन आली याचा धीर वाटतो.

ताईची पंचाईत होती. सांगली सपाट. ती रोज आयर्विन पुलावरून ये-जा करू लागली. रविवारी शेजारणीला घेऊन मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावर. महिन्यातून एकदा एस. टी. ने माझ्याकडे. पहिल्यांदा अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्या वाटेवर बसली आणि म्हणाली, “मला नाही जमायचं. तू जा, मला फोटो दाखव.” मी काही बोलले नाही. फुटाण्यांची पुडी काढली. वीस मिनिटे बसलो आणि उतरलो. पुढच्या महिन्यात ती आपणहून आली.

सज्जनगडाच्या पायऱ्या झाल्या, मग पावसाळा लागला. श्रावणात मी बोलावले, आली नाही. सांगली सोडवत नाही, म्हणाली. पाऊस ओसरल्यावर आली आणि तेव्हा आम्ही अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर पोचलो. हवा धुतल्यासारखी होती. तिने विचारले, नदी कुठे? मी पूर्वेला बोट दाखवले, तिकडे माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम. ती बराच वेळ त्या दिशेला बघत उभी होती. “इथून केवढीशी असेल,” एवढेच म्हणाली. मी मागून ‘चल’ म्हणाले नाही.

आता तिकिटे काढून झाली आहेत. बूट दोन महिने वापरून पायात बसवले आहेत. नवे कोरे बूट घालून डोंगरावर जाणे म्हणजे फोडांना आमंत्रण. भडंग किती न्यायचे यावर वाद चालू आहे. ताई दोन किलोवर अडून बसलीय आणि माझ्या कंदी पेढ्यांना मात्र पाठीवरचे वजन म्हणून नकार देते.

तिची एकच अट आहे, सुरुवातीपासूनची. उशीर झाला, गाडी चुकली, काहीही झाले तरी मे संपायच्या आत घरी परतायचे. मी म्हटले, अगं, आपण मार्चअखेर येतोय. ती म्हणाली, “ठाऊक आहे. तरी लिहून ठेव.” वहीत लिहिले आहे.