सभेतील हलका आवाज आणि घरगुती कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर म्हटले की पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानातील हवेचे यंत्र डोळ्यांपुढे येते. आज आम्हाला ज्या कॉम्प्रेसरविषयी सांगावयाचे आहे तो हवा दाबीत नाही. तो आवाजातील उंच-सखलपणा कमी करतो. माईक आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसणारी ही हाताएवढी डबी हौशी माणसाला घरी जुळविता येते. परंतु तिचे जे नकाशे हौशी मंडळींच्या हाती असतात, त्यांपैकी पुष्कळसे गिटारसाठी आखलेले आहेत. सभेच्या कामी ती लावावयाची तर तिच्यात थोडे फेरफार करावे लागतात. ते कोणते व का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम गरज पाहू. अड्याळ आणि आसपासच्या मुलखात विडी वळणाऱ्या बाया आहेत. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही, तक्रार चारचौघांत बोलली जावी लागते. मजुरी हजार विड्यांवर, त्यातून नापास म्हणून किती काढल्या हा वाद आकड्यांचा. आणि आकडा सांगणारी बाई सहसा हळू बोलते. 'सात' आणि 'साठ' यांत फरक एका व्यंजनाचा. स्वर मोठे ऐकू येतात, व्यंजने दुबळी असतात. शेवटच्या रांगेपर्यंत जाताना तीच आधी गळतात. पुढाऱ्याची गर्जना मात्र वेशीपर्यंत पोहोचते.

हा फरक किती मोठा असतो? आवाज डेसिबलमध्ये मोजतात. एक मीटरवरून साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल भरते. चढा आवाज ८० धरू. फरक २० डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट. गर्जनेला ५० वॅट लागत असतील तर त्याच मांडणीत हळू बोलणाऱ्या बाईच्या वाट्याला अर्धा वॅट येतो. कॉम्प्रेसरने हा २० डेसिबलचा फरक १० वर आणला, तर गर्जना ५० वॅटच्या आतच राहते आणि बाईचा वाटा ५ वॅट होतो. भोंगा तोच, अॅम्प्लिफायर तोच, वाटणी बदलली.

माईकपासूनचे अंतरही हेच करते. उघड्या जागी अंतर दुप्पट झाले की माईकवर पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. तेथे टांगलेल्या माईकपासून नट एका फुटावर असला काय आणि चार फुटांवर असला काय, प्रेक्षकाला संवाद सारखाच हवा असतो. पण फरक १२ डेसिबलचा पडतो.

आता डबीच्या पोटात डोकावू. अमेरिकेत डॅन आर्मस्ट्राँग यांनी १९७०च्या दशकात 'ऑरेंज स्क्वीझर' नावाची अशी डबी गिटारसाठी काढली. तिच्यात दोन फेट व एक ऑपॅम्प होता. गुंडी एकही नव्हती. फेटची गेट नावाची तार म्हणजे नळाची चावी समजा. आवाज मोठा झाला की त्याचा काही भाग डायोडमधून जाऊन एका कंडेन्सरमध्ये साठतो, साठलेला दाब ही चावी फिरवितो आणि जादा आवाज बाजूला वळविला जातो. कंडेन्सर म्हणजे हौद. तो एका रेझिस्टरमधून भरतो व दुसऱ्यातून रिकामा होतो. भरण्यास लागणारा वेळ म्हणजे दाबण्याची चपळाई. रिकामा होण्याचा वेळ म्हणजे सोडण्याची चपळाई. ओहम आणि फॅरड यांचा गुणाकार केला की सेकंद मिळतात.

पहिला फेरफार येथेच. समजा, नकाशात १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि तो रिकामा करणारा दीड लाख ओहमचा रेझिस्टर आहे. वेळ झाला दीड सेकंद. तार छेडल्यावर तिचा सूर लांबविण्यास हे छान, सभेत नव्हे. घोषणा संपून लगेच कोणी हळू बोलू लागले, तर त्याचे पहिले वाक्य दबलेलेच राहील. म्हणून कंडेन्सर २.२ मायक्रोफॅरडचा व रेझिस्टर एक लाखाचा घालावा. वेळ येतो ०.२२ सेकंद. मात्र हौद लहान केला की तो भरतोही लवकर. भरणारा रेझिस्टर एक हजार ओहमचा असेल, तर १० मिलिसेकंदांच्या जागी २.२ होतील. खर्जातील आवाजाची एक लहरच सुमारे १० मिलिसेकंदांची असते. दाब त्या लहरीच्या आतच हलू लागला तर आवाज चिरका होतो. तेव्हा हा रेझिस्टर ४,७०० ओहमचा करून वेळ पुन्हा १० मिलिसेकंदांवर आणावा.

दुसरा फेरफार फुंकरीचा. 'फ', 'भ' म्हणताना माईकवर हवेचा धक्का बसतो. तो खर्जाचा असतो, पण डबी त्याला गर्जना समजून पुढचा शब्द दाबते. डायोडकडे जाणाऱ्या फाट्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ओळीत घालून त्यापुढे दहा हजार ओहमचा रेझिस्टर जमिनीला जोडला, की सुमारे १६० हर्ट्झखालचे धक्के त्या फाट्यावर कमजोर होतात. ऐकू येणाऱ्या आवाजाला यात हात लागत नाही.

तिसरा फेरफार आवरण्याचा. कोणी बोलत नसेल तेव्हा डबी आवाज पूर्ण उघडते. मग पंख्याची घरघर वाढते, आणि भोंगा माईकला ऐकू येत असेल तर कुईऽऽ अशी शीळ सुरू होते. ऑपॅम्पवर दोन लाख वीस हजार व दहा हजार ओहमची जोडी असेल तर वाढ २३ पट असते. त्यातला मोठा रेझिस्टर एक लाखाचा केला तर ती ११ पट होते, म्हणजे सुमारे ६ डेसिबल उतरते. दाब थोडा कमी पडतो, पण शीळ टळते. भोंगे माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावणे हे तर आधीच करावयाचे.

डबी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावी. मेनवरचा अॅम्प्लिफायर मात्र जाणकाराखेरीज उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज उरते. मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचे धन-ऋण टोक पाहूनच सोल्डर करावे.

एक इशारा. कॉम्प्रेसरमुळे शिखर तेवढेच राहून सरासरी आवाज वाढतो, म्हणून शेजाऱ्याला तो जास्त टोचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. सणासमारंभाच्या मोजक्या दिवसांची सवलत तेवढी सरकारच्या हाती. हलका शब्द समजू लागला की भोंग्याचा कान थोडा पिळून खाली आणावा. शब्द समजणे हा हेतू आहे, गाव हादरविणे नव्हे.

परीक्षा सोपी आहे. हळू बोलणाऱ्या माणसाने माईकवर वीस आकडे वाचावेत, मध्ये एकदा कोणी मोठ्याने घोषणा द्यावी. शेवटच्या रांगेतील माणसाने आकडे कागदावर उतरवावेत. घोषणेनंतरचा आकडाही बरोबर उतरला, तर फेरफार साधले. चुकला, तर हौद अजून मोठा आहे.