वेग ताशी 5 किलोमीटर

नाशिकच्या सातपुरात बोलेरो तयार होते. अशी गाडी जाहिरातीत सुसाट दिसते, पण फोटोच्या वेळी बरेचदा ती माणसाच्या चालीनेच सरकत असते. व्हॅक्यूम कपांनी गाडीलाच लांब दांडा बसवतात आणि टोकाला कॅमेरा. दोघं सोबत हलतात, म्हणून गाडी रेखीव येते आणि मागचा रस्ता फराटतो. शटर 1 सेकंद उघडं ठेवलं, तर ताशी 5 किलोमीटर वेगाने गाडी 1.4 मीटर पुढे जाते. तेवढं पुरतं. उन्हात फोटो पांढराफटक पडू नये म्हणून भिंगापुढे काळसर एनडी फिल्टर लावतात. इंजिनाच्या थरथरीने दांडा हलतो. मग ते बंद करून गाडी चक्क ढकलतात! दांडा नंतर संगणकावर पुसतात. ही लबाडी मला तरी खपते. चाकं खरीच फिरलेली असतात, अर्ध्या फेऱ्याहून थोडी जास्त.