हवा ओढणारं इंजिन, हवा कोंबलेलं इंजिन

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या दिघोरीत इंजिनाची पहिली ओळख होते ती रोवणीच्या दिवसांत. चिखलणीसाठी बांधीत ट्रॅक्टर उतरतो. मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावलेले असतात, पाणी पोटरीपर्यंत असतं आणि खालची काळी माती चाकाला सोडायला तयार नसते. चाक खोल रुतलं की इंजिनाचा आवाज जड होत जातो आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. "दम लागला त्याला," असं बाबा म्हणत. लहानपणी मला वाटायचं, डिझेल कमी पडलं असेल. खरं तर तेव्हा गव्हर्नर डिझेल वाढवतच असतो. कमी पडते ती हवा, आणि न जळलेलं डिझेल धूर होऊन बाहेर येतं.

मग धान कापणीला आलं की पंजाबहून हार्वेस्टर येतात. त्यांतल्या अनेकांना अशोक लेलँडचं इंजिन असतं. त्याच कंपनीचा एक कारखाना आमच्याच भंडारा जिल्ह्यात, गडेगावला आहे. हार्वेस्टर ओल्या बांधीत शिरला की आवाजात एक बारीक शीळ मिसळते. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर ओढला की शीळ चढते, सोडला की खाली येते. ती टर्बोची शीळ. इंजिनाला दम लागू नये म्हणून कुणीतरी बाहेरून त्याच्या छातीत हवा भरत असल्याचा तो आवाज आहे. वेगवान गाड्यांची इंजिनं बांधणारे लोक जगभर ज्या एका प्रश्नावर तासन् तास बोलतात, तो मला या दोन आवाजांतूनच कळला.

सध्या घराच्या पडवीत लाकडी घोडीवर मारुती एस्टीमचं एक इंजिन ठेवलंय. 1298 सीसी, 4 सिलिंडर, 16 व्हॉल्व्ह, कंपनीतून निघालं तेव्हा 85 हॉर्सपॉवरचं. या इंजिनावर भारतातल्या रॅली आणि ट्रॅकच्या कितीतरी गाड्या धावल्या. ते पुन्हा बांधायचं तर साधं ठेवायचं की टर्बो बसवायचा, हे ठरवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. हा लेख म्हणजे त्याच विचाराचा हिशेब.

सुरुवात हवेच्या मापापासून करू. एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते. वजनात सांगायचं तर 1 भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा. इंधन वाढवणं सोपं आहे, इंजेक्टर मोठा घातला की झालं. अडचण असते ती या एवढ्या हवेची. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरचा वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. साध्या इंजिनात हवेला एवढाच काय तो जोर मिळतो. रेसिंगवाले अशा इंजिनाला 'एनए' म्हणतात, गॅरेजमध्ये त्याला नॉन-टर्बो म्हणतात. चांगल्या रोजच्या इंजिनाचा सिलिंडरही दर खेपेला पूर्ण भरत नाही. बांधणाऱ्याचं सगळं कसब ती उरलेली जागा भरण्यात जातं.

एनए इंजिन म्हणजे मुख्यतः हेडचं काम. आमच्याकडे 'हाफ इंजिन' केलं म्हणजे रिंग, पिस्टन, बेअरिंग बदलून इंजिन पूर्वीसारखं करणं. इथे त्याच्या पुढचं काम असतं. व्हॉल्व्हची सीट एकाच कोनात न कापता तीन कोनांत कापायची, म्हणजे हवा कडेला अडखळत नाही. पोर्टचा आकार हाताने घासून सुधारायचा. अनेक जण पोर्ट आरशासारखा चकाकवतात आणि त्यालाच पोर्टिंग समजतात. चकाकीने फारसं काही साधत नाही. खरा फायदा पोर्टच्या वळणात आणि व्हॉल्व्हच्या मागच्या कप्प्यात असतो, तिथे दोन मिलिमीटर चुकीचे घासले गेले तर हेड कायमचं बिघडतं. मग कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उंच उघडणारा कॅम घातला की वरच्या फेऱ्यांत हवा भरभरून येते. पण त्याची किंमत आयडलिंगला मोजावी लागते. गाडी सिग्नलवर मिसिंग असल्यासारखी थरथरते, खालच्या फेऱ्यांत पिकअप राहत नाही.

यातला सर्वात सुंदर भाग मला इनटेकच्या नळ्यांचा वाटतो. व्हॉल्व्ह बंद झाला की येणारी हवा त्यावर आपटते आणि दाबाची एक लाट उलटी धावते, नळीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते. नळीची लांबी अशी ठेवली की ती लाट नेमकी पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना पोचेल, तर काहीही यंत्र न लावता सिलिंडरमध्ये त्याच्या मापापेक्षा जास्त हवा शिरते. उत्तम रेसिंग इंजिनं म्हणूनच शंभर टक्क्यांच्या वर भरतात. एक्झॉस्टच्या नळ्यांचंही तसंच, फक्त तिथे परत येणारी लाट जळका वायू बाहेर ओढायला मदत करते. बासरीवाल्याला छिद्रांची जी जाण असते, तशी जाण इथे लागते.

तरीही एनए इंजिनाला ताकद हवी असेल तर शेवटी फेरे वाढवावे लागतात. 1999 साली आलेल्या होंडा एस2000चं 2 लिटरचं इंजिन जपानी आवृत्तीत 250 हॉर्सपॉवर देत असे आणि मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत जात असे. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 25 मीटर होतो. प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो आणि पुन्हा तो वेग गाठतो, म्हणून कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर जीव अवलंबून असतो. एनए इंजिन फुटतं ते बहुधा असं, ताण आणि गतीने.

हवा भरण्याच्या याच कसबाचा एक प्रयोग आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांत दर वर्षी होतो. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी मुलं छोटी रेसिंग कार स्वतः बांधतात. भारतीय संघांचं लाडकं इंजिन म्हणजे केटीएम 390चं 373 सीसीचं एक सिलिंडर, जे बजाजच्या चाकण कारखान्यात बनत आलं. नियम असा की पेट्रोल इंजिनाची सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. त्या भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाएवढा झाला की त्यापुढे कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. ही मर्यादा सेकंदाला साधारण 74 ग्रॅम आहे. 9,000 फेऱ्यांना हे इंजिन सरासरी 33 ग्रॅम हवा घेतं, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. मग अडचण कसली? एकच सिलिंडर असल्याने तो सगळी हवा चक्राच्या चौथ्या हिश्श्यात एका घोटात ओढतो, आणि त्या क्षणी भोक अपुरं पडतं. म्हणून भोकाच्या मागे हवेचा मोठा डबा लावतात. डबा सावकाश भरत राहतो, इंजिन त्यातून घोट घेतं. ज्या संघांना हे उमगलं त्यांच्यापुढे मग दुसरा प्रश्न येतो: 33 आणि 74 यांच्यातली ती जागा छोट्या टर्बोने भरावी का? काही संघ भरतात. बहुतेक जण विचार सोडून देतात, कारण एका सिलिंडरच्या तुटक फुंकरीवर टर्बो नीट फिरवणं जिकिरीचं आहे.

टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट 1905 सालचं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या जळक्या वायूत इंधनाची बरीच शक्ती वाया जाते. त्या वायूने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. छोट्या गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. सुपरचार्जरचं काम तेच, फक्त तो क्रँकच्या पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे त्याला उशीर लागत नाही, पण तो इंजिनाच्याच ताकदीतून आपला वाटा घेतो.

फरक किती पडतो हे पाहायला चाकणलाच जाता येईल. तिथेच बनलेल्या 2020 सालच्या फोक्सवॅगन पोलोत 999 सीसीचं 3 सिलिंडर इंजिन दोन रूपांत मिळायचं. साध्या रूपात 76 हॉर्सपॉवर आणि 95 न्यूटन-मीटर टॉर्क. टर्बो रूपात 110 हॉर्सपॉवर आणि 175 न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क 1,750 फेऱ्यांपासूनच हजर. मापाने सारखीच दोन इंजिनं, पण ओव्हरटेक करताना गाडी वेगळीच. पोलोच्या रेसिंग मालिकेत तर 2012 पासून 1.4 लिटरचं असं इंजिन वापरलं गेलं ज्यात सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही होते. खालच्या फेऱ्यांना पट्ट्यावरचा, वरच्या फेऱ्यांना एक्झॉस्टवरचा. ताकद 180 हॉर्सपॉवर.

मग माझ्या एस्टीमला टर्बो का नाही? याचं उत्तर मला भंडाऱ्याच्या मे महिन्याने दिलं.

हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारणाऱ्या कुणालाही हे हाताला कळतं. आमच्याकडे पारा 45 अंशांवर असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत साडेचौदा पाउंड बूस्ट दिला, तर 70 टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती हवा साधारण 145 अंशांची होऊन निघते. तापलेली हवा विरळ असते. दाब दुप्पट झाला तरी सिलिंडरमध्ये हवा भरते ती दीडपटच. इंटरकूलरने ती 65 अंशांपर्यंत आणली तर जवळजवळ 1.9 पट भरते. म्हणजे टर्बोच्या मेहनतीचा मोठा हिस्सा इंटरकूलरच्या हाती आहे, आणि त्या इंटरकूलरवर वारा येणार तोही 45 अंशांचाच. युरोपातल्या थंड हवेत जमलेला हिशेब इथे जसाच्या तसा उतरवला तर गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटतं. त्या ठोक्याने पिस्टनची कड वितळते, रिंगमधल्या पट्ट्या तुटतात. एनए इंजिनालाही उन्हाळा बाधतो. 15 अंशांच्या मानाने 45 अंशांना ते सुमारे दहावा हिस्सा ताकद गमावतं. पण ते फक्त थकतं, मोडत नाही.

टर्बोचं इंजिन बांधायचं म्हणजे म्हणूनच मुख्यतः खालच्या भागाचं आणि उष्णतेचं काम. कॉम्प्रेशन उतरवायचं. ओतीव पिस्टनऐवजी फोर्ज केलेले पिस्टन घ्यायचे. रिंगची फट थोडी जास्त ठेवायची, कारण तापून टोकं एकमेकांना भिडली तर सिलिंडरच खरवडतो. हेड जागेवर धरायला मजबूत स्टड, पोलादी पापुद्र्यांचं गॅस्केट. टर्बोकडून परत येणाऱ्या तेलाची नळी जाड आणि सरळ उताराची, नाहीतर तेल तुंबून सीलमधून गळतं आणि सायलेन्सर निळा धूर ओकतो. एवढं केल्यावर ट्युनिंग. आधी बूस्ट, मग बाकीचं, असा उलटा क्रम लावणाऱ्यांची इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत, आणि चांगल्या ब्लॉकची ती गत बघून खरंच वाईट वाटतं.

फॉर्म्युला वनमध्ये हा सामना सगळ्यात उघडपणे झाला. नियमानुसार 3 लिटर एनए किंवा 1.5 लिटर सुपरचार्ज्ड, म्हणजे हवा कोंबलेलं, इंजिन चालत होतं, आणि 1977 साली रेनॉने टर्बो आणला. सुरुवातीला तो इतका धूर सोडायचा की त्या गाडीला पिवळी किटली म्हणत. 1979 मध्ये रेनॉने फ्रान्सची शर्यत जिंकली, आणि 1986 पर्यंत 1.5 लिटरच्या बीएमडब्ल्यू इंजिनातून पात्रता फेरीपुरती हजारावर हॉर्सपॉवर निघू लागली. 1989 पासून टर्बोवर बंदी आली, 2014 मध्ये तो परतला.

रस्त्यावर मात्र निकाल लागत आला आहे. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 नियमांत साधं डिझेल इंजिन बसवणं कठीण, आणि छोट्या टर्बो पेट्रोलने मायलेजच्या चाचणीत बाजी मारली. रोजच्या गाडीला टर्बो हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण इंजिन बांधायला शिकणाऱ्याने आधी एनए बांधावं, असं माझं ठाम मत आहे. टर्बो हेडमधली चूक दाबाखाली लपवतो. एनएमध्ये प्रत्येक हॉर्सपॉवर हाताने शोधावी लागते, आणि ती सापडली की का सापडली तेही कळतं.

म्हणून पडवीतलं इंजिन साधंच राहणार. कारखान्याचं कॉम्प्रेशन साडेनऊला एक आहे, मला साडेदहा हवंय. एका सिलिंडरचं माप 324.5 सीसी, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 38 वरून 34 सीसीवर आणायची. तेवढ्यासाठी हेड नागपूरला लेथवाल्याकडून घासून आणलंय. संध्याकाळी कंदिलाएवढ्या बल्बखाली ते उलटं ठेवलं, चेंबरवर काच बसवली आणि भोकातून सिरिंजने रॉकेल सोडत गेलो. बाबा शेजारी खुर्ची टाकून आकडे वहीत लिहीत होते. पहिले तीन चेंबर जुळले. चौथ्यात अर्धा सीसी जास्त गेलं.

"पुन्हा मोज," बाबा म्हणाले, आणि वहीचं पान उलटलं.