जमीन सपाटीकरण : खुंट्यांची उंची बदलताना



लागणीपूर्वी रान एकसारख्या उताराला आणले म्हणजे सरीच्या टोकापर्यंत पाणी पोचते, हे आपण जाणताच. हल्ली या कामाचा आराखडा संगणकावर होतो. रानात दर १० मीटरवर उंची मोजतात. संगणक प्रत्येक खुंटीवर किती सेंटिमीटर खोदाई, किती भर हे काढून देतो. खोदलेली माती भरीला पुरावी एवढेच त्याचे गणित. खाली मुरूम कुठे लागतो, हे त्याला कोण सांगणार? ते आपणच सांगायचे.

समजा, एका खुंटीवर २२ सेंटिमीटर खोदाई आली, पण तिथे काळी माती ३० सेंटिमीटरच आहे. खोदाई झाली की उसाला उरणार ८ सेंटिमीटर! अशा ठिकाणी उंची बदलून खोदाई १० वर आणता येते. पण तेवढ्याने काम भागत नाही. दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, माती. एक खुंटी म्हणजे १०० चौरस मीटर रान. तिथे १२ सेंटिमीटर कमी खोदले, की १२ घनमीटर माती कमी पडली. एकरात अशा सुमारे ४० खुंट्या बसतात. बाकीचे रान सरासरी ३ मिलिमीटर खाली घेतले तरी ही तूट भरते. शिवाय नवी भर पुढे दबते, म्हणून खोदाई भरीपेक्षा थोडी जास्तच धरावी.

दुसरी, पाणी. सरीला १०० मीटरला २० सेंटिमीटर उतार धरला, तर दोन खुंट्यांत फरक फक्त २ सेंटिमीटर. मधलीच खुंटी १२ ने उचलली, तर ती वरच्या खुंटीपेक्षा १० सेंटिमीटर उंच होते. मग पाणी अडलंच म्हणून समजा! वर ऊस पाण्यात आणि खाली कोरडा. म्हणून वरच्या खुंट्याही उचलाव्या लागतात आणि मातीचा हिशेब पुन्हा करावा लागतो. चारीचे पाणी त्या उंचीवर चढत नसेल, तर मध्ये बांध घालून रानाचे दोन तुकडे करावेत व प्रत्येकाला वेगळा उतार द्यावा. लेझर लेव्हलर एका वेळी एकच सरळ उतार धरतो, त्यालाही हे सोयीचे पडते.

चारीचे दार आणि चराचे तोंड यांची उंची मात्र आधीच पक्की करून घ्यावी.

तरी सभासदांनी मशीन रानात घालण्यापूर्वी आराखड्याचा कागद मागून घ्यावा. जिथे खोदाई जास्त, तिथे टिकावाने खड्डा घेऊन मातीची खोली मोजावी आणि मगच होकार द्यावा. डिझेलचा खर्च एका हंगामाचा, पण मुरूम उघडा पडला तर त्याचा तोटा लागणीपासून खोडव्यापर्यंत आणि पुढेही सोसावा लागतो.