ओल्या कागदावरचा समुद्र

सकाळी सहा. आधी पंचांग. आज आषाढातली द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की नऊ, म्हणजे नऊच्या आगेमागे भरती आणि तीनच्या सुमारास सुकती.

साडेसात. गुहागरचं सुरूबन. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. ३०० जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर पसरतो. पेन्सिल नाही, गमटेप नाही.

आठ. नुसतं थांबायचं. कागदावर पाणी चमकतंय तोवर रंग लावला तर तो वाहून जातो. चमक मावळली, पण बोटाला अजून गारवा लागतोय, तेव्हा सुरुवात. उन्हाळ्यात ही संधी मिनिटभराची. आषाढात हवाच इतकी दमट की बराच वेळ मिळतो. म्हणून ब्रशमध्ये पाणी कमी आणि रंग भरपूर.

साडेआठ ते साडेनऊ. खरं काम एवढंच. रुंद ब्रशने वर प्रशियन ब्ल्यू, खाली बर्न्ट सिएना, कारण पावसाळ्यातला आपला समुद्र निळा नसतोच, गढूळ असतो. दोन्ही रंग एकमेकांत शिरू लागले की बोर्ड डावीकडे कलवतो. क्षितिजाची रेघ मी काढत नाही. ती दोन ओलींच्या भेटीतून येते किंवा येत नाही. फेसासाठी कोरा कागद राखतो, पांढरा रंग वापरत नाही. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला की दातेरी कडा उठते. शाळेत तिला डाग म्हणतात. मला ती लाट फुटण्याची सगळ्यात खरी खूण वाटते.

दुपारी एक. पाऊस, छपराखाली डबा. एमिल नोल्डेची समुद्रचित्रं पुन्हा चाळतो. जर्मन-डॅनिश सीमेवर राहणारा हा अभिव्यक्तिवादी शोषणाऱ्या जपानी कागदावर रंग असा मुरवायचा की तो मागपर्यंत उतरे. १९०८च्या थंडीत कोस्पेडा गावी उघड्यावर रंगवताना ओला रंग गोठून त्यात स्फटिकांच्या खुणा उमटल्या. त्याने त्या तशाच राहू दिल्या. हाच नोल्डे नाझी पक्षाचा सभासद होता आणि त्याच राजवटीने त्याच्या हजारावर कलाकृती जप्त केल्या. त्याच्याकडून तंत्र घ्यावं. त्याचं राजकारण झाकून त्याला केवळ बळी ठरवू नये.

तीन. सुकती. ओल्या वाळूचं एक लहान चित्र, चटकन.

सहा. घरी कागद आडवे ठेवून वाळवतो. वाळताना जलरंग फिका पडतो, म्हणून सकाळी गडद वाटलेलं आता कुठे बरोबर दिसतं. फिकं पडलेलं चित्र वरून रंगाचा दुसरा थर देऊन वाचत नाही; ते बाजूला काढायचं.

रात्री नऊ. कागदाच्या मागे तिथी, भरतीची वेळ आणि रंगांची नावं लिहितो.

जलरंग शिकणाऱ्यांना एकच सांगणं: पावसाळ्यात कागद वाळत नाही म्हणून काम बंद ठेवू नका. आपला समुद्र रंगवायला याहून चांगले महिने नाहीत.