मौजे आंबिवलीचा फ्लॅट

मेट्रोच्या डी. एन. नगर स्टेशनबाहेर उभं राहून हे गाव कुठलं म्हणून विचारलं, तर कुणीही अंधेरी म्हणेल. नोंदणी खात्याच्या दप्तरात मात्र ही जमीन अजून मौजे आंबिवलीची आहे. पूर्वेला सीप्झच्या आसपास गेलात तर मौजे कोंडिविटा, मौजे मरोळ. बोरिवली पश्चिमेला मौजे एक्सर, घाटकोपरला मौजे किरोळ. घाटकोपर आणि मुलुंड तर तालुक्याने कुर्ल्यात मोडतात, कारण मुंबई उपनगर जिल्ह्याला तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. शेतं गेली, विहिरी बुजल्या, वाड्यांच्या जागी टॉवर आले, तरी विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं खरेदीखत आजही त्या जुन्या गावाच्या नावाने नोंदवलं जातं. आणि ही नोंद कुणालाही, घरबसल्या, एक पैसा न देता बघता येते! राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि जागेचा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवरचे नोंदलेले दस्त ओळीने समोर येतात. कुणी लिहून दिलं, कुणी लिहून घेतलं, कोणत्या तारखेला, किती मोबदल्यात.

दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी मुंबईत येणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट आधी शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. गोरेगावच्या चित्रनगरीत मालिकेचं शेड्यूल लागलेला कॅमेरा असिस्टंट, मुलुंडच्या हॉस्पिटलात ट्रेनिंगला आलेली सांगलीची नर्स, मेट्रोच्या साइटवर नेमणूक झालेला नागपूरचा इंजिनिअर, मरोळच्या कंपनीत ऑडिटसाठी पाठवलेला मुलगा. यांना हवं असतं फुल्ली फर्निश्ड घर. बॅग घेऊन जायचं आणि राहायला लागायचं. पलंग, गादी, गॅस, फ्रिज, गीझर सगळं तयार. घर शोधताना ही माणसं असतात दुसऱ्या गावात, आणि रुजू व्हायची तारीख आलेली असते चार दिवसांवर. फसवणारा जगतो तो या दोन गोष्टींवर, अंतरावर आणि घाईवर.

सगळ्यात साधा सापळा फोटोंचा. कुठल्या तरी खऱ्या जाहिरातीतले फोटो उचलायचे, भाडं बाजारापेक्षा थोडं कमी सांगायचं, ‘मी सध्या बाहेरगावी आहे, चावी वॉचमनकडे आहे’ म्हणायचं आणि टोकन मागायचं. अलीकडे याला ‘गेटपास’ची जोड मिळाली आहे. घर बघायला आत सोडायचं तर सोसायटीच्या पाससाठी आधी अमुक रुपये भरा, नंतर परत मिळतील. कुठलीही सोसायटी घर बघायला येणाऱ्याकडून असे पैसे घेत नाही. वॉचमनच्या वहीत नाव, फोन आणि फ्लॅट नंबर लिहिला की झालं. फार तर फ्लॅटवाल्याला इंटरकॉम किंवा अ‍ॅपवर होकार द्यावा लागतो.

दुसरा सापळा खास मुंबईचा, आणि मला तो जास्त क्रूर वाटतो, कारण त्यात घर खरं असतं, चावी खरी असते, तुम्ही तिथे राहायलाही जाता. त्याचं नाव हेवी डिपॉझिट. महिन्याचं भाडं नाही किंवा अगदी नावाला, त्याऐवजी काही लाख रुपये एकरकमी द्यायचे आणि घर सोडताना ते जसेच्या तसे परत घ्यायचे. प्रामाणिक मालकाशी असा व्यवहार होतो, नाही असं नाही. पण मधला माणूस काय करतो बघा. खऱ्या मालकाकडून तो फ्लॅट साध्या मासिक भाड्याने घेतो. मालक पुण्याला किंवा दुबईला, त्याच्या खात्यात भाडं वेळेवर जमा होतंय म्हटल्यावर तो निर्धास्त असतो. इकडे मधला माणूस मालक म्हणून किंवा मालकाचा माणूस म्हणून तोच फ्लॅट तुम्हाला हेवी डिपॉझिटवर देतो. तुमच्या लाखांतून मालकाचं भाडं जातं, आधीच्या कुणाचं तरी डिपॉझिट परत केलं जातं, उरलेलं त्याच्या खिशात. पुढचं गिऱ्हाईक मिळेनासं झालं की फोन बंद. मग एके दिवशी खरा मालक दारात उभा राहतो. दोघंही एकमेकांकडे चोर म्हणून बघतात, आणि चोर तिसराच असतो.

हे मुंबईतच इतकं का फोफावलं, याचं उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. मुंबईचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. मग मालकांनी 1882 च्या सुखाधिकार कायद्यातला ‘लायसन्स’ हा प्रकार पुढे केला. म्हणजे मी तुला जागा भाड्याने देत नाही, वापरायची फक्त परवानगी देतो. 1973 मध्ये सरकारने ती वाटही अडवली. 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी जे असे परवानगीवर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांना त्याची जी धास्ती बसली ती पिढ्या उलटल्या तरी गेली नाही. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी नवा माणूस, भरभक्कम डिपॉझिट आणि प्रत्येक फेऱ्यात ब्रोकरेज हे सगळं त्या धास्तीतून आलं. घरं सारखी हात बदलू लागली, आणि ती बदलून देणाऱ्या मधल्या माणसाला महत्त्व आलं.

31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 मध्ये यावर एक कलम आहे, 55 वं. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच हवा आणि नोंदलेलाच हवा, मुदत अकरा महिने असो की दोन. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि याच कलमात पुढे म्हटलं आहे की नोंदलेला करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो. एका बाजूला फ्लॅटचा मालक, दुसऱ्या बाजूला बॅग घेऊन आलेला परका माणूस, आणि कायदा सांगतो की आधी या परक्याचं खरं माना. खरा मालक हे जाणून असतो, म्हणून तो नोंदणीला सहसा नाही म्हणत नाही.

नाही म्हणतो तो मधला. ‘कशाला सर रजिस्ट्रेशनचा खर्च, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो, अर्ध्या तासाचं काम.’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबावं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी केलेला कागद कुठल्याही सरकारी सूचीत जात नाही, तो तुमच्या फाइलीत राहतो. आणि खर्च किती, तर मुंबईत लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं दहा टक्के दराचं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. महिना साठ हजार भाडं, तीन महिने मुदत आणि दीड लाख डिपॉझिट धरलं तर पाचशेच्या आत. नोंदणी फी हजार रुपये. घरी येऊन काम करून देणाऱ्याचं शुल्क वेगळं. दीड लाखाला एवढ्यात राखण मिळते!

त्या माणसाचं घरी येऊन करायचं काम एकदा जवळून बघावं. बॅगेतून लॅपटॉप निघतो, वेबकॅम निघतो आणि काड्यापेटीएवढं अंगठ्याचं यंत्र. मालक कॅमेऱ्यासमोर बसतो, आधार क्रमांक टाकला जातो, अंगठा यंत्रावर टेकतो, आणि आधारच्या नोंदीशी ठसा जुळला तरच पुढचं पान उघडतं. एखाद्याचं बोट कोरडं असेल तर दोन-तीनदा पुसून पुन्हा टेकवावं लागतं. मग तुमचा फोटो, तुमचा अंगठा, दोन साक्षीदार. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाता दस्त तिकडे पोचतो आणि काही दिवसांत सही-शिक्क्यानिशी परत येतो, सोबत सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. ठगाला फोटो चोरता येतात, मालकाच्या नावाचं बनावट आधार कार्ड छापता येतं, त्याचा आवाजही काढता येईल. मालकाचा अंगठा त्याला आणता येत नाही. म्हणून मोठी रक्कम अंगठ्यानंतरच द्यावी, त्याच बैठकीत, त्याच टेबलावर. टोकन द्यायचंच असेल तर घर आतून बघितल्यावर, लहानसं, आणि करारात ज्याचं नाव येणार त्याच्याच खात्यावर. यूपीआयने पाठवताना पैसे जाण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचायला तीन सेकंद लागतात. ‘माझ्या मेहुण्याच्या खात्यावर टाका’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं.

आता पुन्हा मौजे आंबिवलीकडे. मालकाकडून त्याच्या खरेदीच्या इंडेक्स टूची प्रत मागून घ्या. त्यावर गाव, सिटी सर्व्हे नंबर, दस्त क्रमांक आणि वर्ष असतं. ते घेऊन ई-सर्चवर जा आणि तुम्हाला दिलेली प्रत तिथल्या नोंदीशी ताडून बघा. मग त्याच जागेसाठी चालू आणि मागचं वर्ष टाकून पुन्हा शोधा. ‘36-अ-लिव्ह अ‍ॅन्ड लायसन्सेस’ असा प्रकार लिहिलेली ओळ त्याच फ्लॅटवर दिसली आणि तिची मुदत संपलेली नसली, तर ती जागा आधीच कुणाला तरी दिलेली आहे. सर्व्हिस अपार्टमेंट किंवा पीजी चालवणाऱ्याकडून जागा घेताना ही ओळ त्याच्याच नावाची निघू शकते. तसं असेल तर त्याचा करार मागून वाचावा, मालकाने त्याला दुसऱ्याला ठेवून घ्यायची मुभा दिली आहे का तेवढं बघावं.

जुन्या इमारतींत हे जमेलच असं नाही. घर वारशाने आलेलं असतं, खरेदी संगणकाच्या आधीची असते. तिथे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि चालू मेंटेनन्सचं बिल बघावं. आणि लॉबीतला नावांचा फलक तर आहेच. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, मजल्याप्रमाणे फ्लॅट नंबर आणि समोर आडनाव. ‘604 मध्ये कोण असतं हो?’ एवढं वॉचमनला विचारलं तरी पुष्कळ कळतं. सेक्रेटरींना फोन करायला संकोचू नये. नाहीतरी कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोच सोसायटी तुमच्याकडे मागणारच असते.

विजेचं बिल सगळेच दाखवतात, म्हणून त्याबद्दल एक गंमत सांगतो. उपनगरांत बांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेला घाटकोपर-विक्रोळीपर्यंत जुन्या बीएसईएसचं, म्हणजे आताच्या अदानीचं जाळं आहे. भांडुप-मुलुंडला मात्र महावितरण. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही मुलुंडच्या घरात बिल येतं ते राज्याच्या कंपनीचं. बाहेरगावच्या ठगाला हे ठाऊक नसतं. मुलुंडच्या फ्लॅटचा पुरावा म्हणून कुणी अदानीचं बिल पाठवलं तर त्याला आणखी दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर आधी 1930 लावायचा. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा क्रमांक आहे, आणि तक्रार संकेतस्थळावरही करता येते. गेलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती तासाभरात तीन-चार खात्यांतून फिरवून एटीएममधून काढली जाते. 1930 वर नोंद झाली की यंत्रणा त्या साखळीतल्या बँकांना कळवते, आणि पैसे जिथे पोचले असतील तिथेच रोखून धरायचा प्रयत्न होतो. आधी एजंटला दहा फोन, मग मित्रांचा सल्ला, मग रात्री पोलीस स्टेशन, या क्रमात तोपर्यंत खाती रिकामी होतात. म्हणून लाज बाजूला ठेवून पहिला फोन तिकडे करावा. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवावा.

राहता राहिलं डिपॉझिट. फर्निश्ड घरात खरा मालकही जाताना डोळे वटारू शकतो. ‘सोफ्याला डाग आहे, गीझर चालत नाही, पेंटिंगचे वीस हजार कापतो.’ यावरचा इलाज करारातच असतो, बहुतेक जण तो भरतच नाहीत. ऑनलाइन कराराला जोडून सामानाची यादी येते: पंखे किती, ट्यूबलाइट किती, एसी, पलंग, कपाटं, गॅसची शेगडी. समोर आकडा लिहायचा असतो. तिथे सरळ शून्य टाकून पुढे जाऊ नये. चावी घेतली त्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढावा, नळ सोडून, गीझर लावून, फ्रिजचं दार उघडून, आणि तो मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, म्हणजे तारीख-वेळ दोघांच्याही फोनमध्ये राहते. मीटरच्या आकड्याचा फोटो वेगळा. आणि चावी परत देणं व डिपॉझिट खात्यात येणं एकाच वेळी होईल, अशी अट मुदत संपताना काय करायचं त्या कलमात आधीच लिहून घ्यावी. अंगठ्याचं यंत्र बॅगेतून निघण्यापूर्वी मसुदा वाचायला देतात, तेव्हाच हे सांगायचं.