काडतुसांचा हिशेब

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यामुळे आपल्या अभ्यासमंडळांतून तो विषय निघाला की तरुण मुले बंदुकीपाशी येऊन थांबतात. काळ्यांनी हाती बंदूक घेतली, हे बरोबर की चूक? वाद रंगतो आणि संपतो. मला मात्र एक साधा, घरगुती वाटणारा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. बंदूक एकदा आणली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते. काडतूस एकदाच उडते. मग घरात काडतुसे किती ठेवायची? हा प्रश्न काळ्या कुटुंबातील कर्त्या माणसाला शंभर वर्षे सोडवावा लागला. त्याचे उत्तर कोणत्या गोष्टींवर अवलंबून होते, हे समजून घेतले तर सत्ता, कायदा आणि संरक्षण यांचे नाते आपल्याला नीट कळेल, अशी माझी समजूत आहे.

प्रथम वस्तूची माहिती घेऊ. काडतूस म्हणजे नळीसारखे कवच, त्याच्या बुडाशी ठोक्याने पेटणारा प्रायमर, आत दारू आणि पुढे गोळी किंवा छर्रे. अमेरिकेतील दुकानांत पिस्तुलाची काडतुसे बहुधा ५० च्या खोक्यात, रायफलीची २० च्या आणि छर्‍याच्या बंदुकीची २५ च्या खोक्यात मिळतात. शिकार करणार्‍याला एक-दोन खोकी हंगामभर पुरतात. नेमबाजीचा सराव करणारा एका दिवसात शंभर-दोनशे उडवतो. घराच्या राखणीसाठी जागणार्‍याची गरज याहून वेगळी असते. हल्ला काही मिनिटांचा असतो आणि एका माणसाला त्या वेळात नेम धरून जेवढे बार काढता येतात तेवढीच काडतुसे त्याच्या कामाची. बाकीची कपाटात राहतात.

साठवणुकीचेही शास्त्र आहे. आजची काडतुसे कोरड्या, थंड जागी ठेवली तर कित्येक वर्षे टिकतात. ओल आणि उष्णता हे त्यांचे शत्रू. जुन्या काळी छर्‍याच्या काडतुसाचे कवच कागदी असे. ते दमट हवेत फुगे आणि बंदुकीत बसत नसे. घराला आग लागली तर सुटी काडतुसे फुटतात. पण नळीचा आधार नसल्याने गोळी बंदुकीतून सुटावी तशी जात नाही, कवचाचे तुकडे मात्र उडतात. त्याहून मोठा धोका भरलेल्या बंदुकीचा आणि तिच्यापर्यंत पोचणार्‍या लहान मुलांचा. म्हणून बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या जागी वेगळ्या कुलपात ठेवावीत, असे जाणकार सांगतात. आता राखण करणार्‍याची अडचण लक्षात घ्या. दोन कुलपे उघडायला वेळ लागतो आणि रात्री आलेला जमाव वेळ देत नाही. मुलांची सुरक्षितता एकीकडे ओढते, दाराबाहेरचे भय दुसरीकडे. ज्याचे घर पोलीस राखतात त्याला हा पेच पडत नाही.

आता कायद्याकडे वळू. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या काळ्यांसाठी खास कायदा केला. लष्करी सेवेत नसलेल्या आणि स्थानिक मंडळाचा परवाना नसलेल्या काळ्या माणसाने बंदूक बाळगू नये, एवढेच म्हणून तो थांबला नाही. त्यात दारूगोळ्याचाही स्पष्ट उल्लेख होता. सापडल्यास दहा डॉलरपर्यंत दंड आणि जप्त झालेला माल खबर देणार्‍याला बक्षीस! म्हणजे शेजारच्या गोर्‍याने काळ्याच्या घरात डोकवावे, काडतुसे मोजावीत आणि तीच घरी न्यावीत, अशी ती योजना होती. घरात काडतुसे किती ठेवावीत, याचे उत्तर कायद्याने काळ्यांसाठी शून्य असे लिहून ठेवले होते. गोर्‍यांसाठी असा प्रश्नच उपस्थित केला नव्हता.

पुढे घटनादुरुस्त्या झाल्या, कागदावर सर्व नागरिक समान झाले. मग मोजणी थांबली का? यासाठी डेट्रॉइट शहरातील एक खटला आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा. डॉ. ऑसियन स्वीट हा काळा डॉक्टर. त्याने गोर्‍यांच्या वस्तीत गार्लंड अ‍ॅव्हेन्यूवर साडेअठरा हजार डॉलरला घर घेतले. त्याच उन्हाळ्यात डॉ. टर्नर या दुसर्‍या काळ्या डॉक्टराला जमावाने नव्या घरातून पहिल्याच दिवशी हुसकावले होते. स्वीटला हे ठाऊक होते. ८ सप्टेंबर १९२५ रोजी तो राहायला आला तेव्हा सामानाबरोबर बंदुका आणि काडतुसेही आली; भाऊ आणि मित्रही सोबतीला आले. दुसर्‍या रात्री घरासमोर जमाव गोळा झाला, दगड पडू लागले. पोलीस जागेवर हजर होते. त्यांनी जमाव हटवला नाही. घरातून गोळीबार झाला आणि एक गोरा इसम ठार झाला. डॉक्टर, त्याची पत्नी ग्लॅडिस आणि इतर नऊ जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

सरकार पक्षाच्या युक्तिवादाचा एक मोठा आधार हा साठाच होता. एवढ्या बंदुका, एवढी काडतुसे राहायला येतानाच आणली, त्या अर्थी हा आधी रचलेला कट होता, असे सांगण्यात आले. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी तोच साठा दुसर्‍या बाजूने दाखवला: ज्या माणसाने आपल्या लोकांची घरे जळताना पाहिली, त्याच्या भीतीचे ते माप आहे. तीच काडतुसे, तेवढीच काडतुसे; एक वाचन कटाचे, दुसरे भयाचे. पहिल्या खटल्यात गोर्‍या ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसर्‍या खटल्यात, मे १९२६ मध्ये, डॉक्टरचा धाकटा भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि १९२७ साली बाकीच्यांवरील आरोप मागे घेतले गेले. पण विजय पदरात पडला का? लहानगी मुलगी १९२६ साली गेली, पत्नी १९२८ साली क्षयाने गेली आणि १९६० साली डॉक्टराने आत्महत्या केली. न्यायालयात जिंकलेले ते घर त्या कुटुंबाला सुख देऊ शकले नाही.

आणि हेही ध्यानात ठेवा, की स्वीटच्या मागे नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल ही संस्था उभी राहिली, तिने पैसा जमवला, देशातला नामांकित वकील दिला. घरातल्या काडतुसांनी त्या रात्री जमाव थोपवला असेल. तुरुंगापासून वाचवले ते संघटनेने.

आता उलट बाजू पाहा. ओक्लाहोमातील टल्सा शहरात १९२१ च्या मे-जूनमध्ये ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटलेली वस्ती जाळली गेली. तेथील काळ्यांजवळ बंदुका होत्या, पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. ते लढलेही. पण गोर्‍या जमावाने शहरातील दुकाने फोडून बंदुका आणि काडतुसे घेतली, पोलिसांनी त्यातल्या अनेकांना जागच्या जागी शिपायाचे अधिकार दिले. एका बाजूला घराच्या कपाटातला साठा, दुसर्‍या बाजूला सार्‍या बाजारपेठेचा आणि सरकारचा साठा. सुमारे ३५ गल्ल्यांची वस्ती राख झाली आणि काळ्यांनाच हजारोंच्या संख्येने छावण्यांत कोंडले गेले. काडतुसे दुप्पट असती तर निकाल बदलला असता का? मला तसे वाटत नाही. ज्याच्या मागे राज्ययंत्रणा उभी आहे त्याचा साठा कधी संपत नाही.

तरीही हत्याराचा काहीच उपयोग झाला नाही, असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. मिसिसिपीतला हार्टमन टर्नबो हा शेतकरी १९६३ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला. त्यानंतर रात्री त्याच्या घरावर पेटते बॉम्ब टाकण्यात आले. तो रायफल घेऊन बाहेर पडला, गोळ्या झाडल्या, हल्लेखोर पळाले, कुटुंब वाचले. दुसर्‍या दिवशी शेरीफने अटक केली ती टर्नबोला. आरोप काय, तर स्वतःचे घर स्वतःच पेटवल्याचा! नॉर्थ कॅरोलायनातील मन्‍रो गावी रॉबर्ट विल्यम्स आणि त्याच्या सहकार्‍यांनी १९५७ साली डॉ. पेरी यांच्या घराभोवती वाळूची पोती रचून क्लॅनच्या मोटारींना परतवून लावले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ साली बॉम्ब पडला तेव्हा त्यांनीही पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. पुढे त्यांनी घरातली हत्यारे काढून टाकली. अहिंसेच्या वाटेवर गेलेल्या या माणसाने आधी दाराआडचे भय भोगले होते, हे आपण विसरतो.

आज अमेरिकेत घरात किती काडतुसे ठेवावीत यावर देशव्यापी कायद्याची मर्यादा नाही. हजारो काडतुसे बाळगणारी माणसे तेथे आहेत. पण १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन उघडपणे फिरू लागले, तेव्हा त्याच राज्याने भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेण्यास बंदी करणारा मलफर्ड कायदा केला. मर्यादा केव्हा आठवते आणि कोणाला पाहून आठवते, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे काय? १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि नियमांनी युरोपियनांना सूट दिली. महारांच्या हाती बंदूक होती ती फौजेची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फौजभरतीचे दार बंद झाले तेव्हा तीही गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, पण फौजेची बंदूक फौजेत राहते. आज १९५९ चा कायदा लागू आहे. परवान्याशिवाय बंदूकही नाही आणि एक काडतूसही नाही, सापडल्यास तुरुंग. परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. म्हणजे अमेरिकन गृहस्थ जो हिशेब स्वतः करतो तो आपल्याकडे अधिकारी करतो. तत्त्व म्हणून मला यात गैर वाटत नाही. गैर आहे ते परवाने कोणाच्या घरात आहेत यात.

याच कायद्यातले एक वाक्य कार्यकर्त्यांनी पाठ करावे. कलम १४ सांगते, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. दुसरे, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील नियम ३. अत्याचारप्रवण भागात सरकारने आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासी नसलेल्यांचे परवाने रद्द करून हत्यारे सरकारजमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत, असे तो म्हणतो. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. सारी मेख ‘आवश्यक वाटल्यास’ या दोन शब्दांत आहे. कोणाला वाटल्यास? बिहारमधील लक्ष्मणपूर-बाथे येथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेने ५८ माणसे मारली, त्यांत बायका होत्या, मुले होती. सत्र न्यायालयाने २०१० मध्ये २६ जणांना दोषी ठरवले; पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या सगळ्यांना सोडले. तेथे मारणार्‍यांची काडतुसे वेळीच कोणी मोजली नव्हती.

मग घरात किती ठेवावीत? परवानाधारकाला माझे उत्तर सरळ आहे. परवान्यावर लिहिली असतील त्याहून एकही अधिक नाही, कारण जास्तीचे एक काडतूस आपल्या माणसाला तुरुंगात घालायला पुरते. घरातल्या लेकरांपासून कुलपात ठेवता येतील त्याहून अधिक नाही. आणि प्रत्येकाची पावती जपावी, कारण स्वीटच्या खटल्याने दाखवले तसे, आपल्या घरातला साठा न्यायालयात आपल्याविरुद्ध बोलू शकतो.

पण आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात परवानाच नाही आणि उद्या तो येईल असेही नाही. त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे. तणाव असलेल्या गावात गावगुंडांकडे आणि जमीनदारांकडे किती परवाने आहेत, ते माहिती अधिकाराखाली विचारता येते. नियम ३ प्रमाणे ती हत्यारे जमा करून घ्या, असा लेखी अर्ज जिल्हाधिकार्‍यांना देता येतो. पोच घेता येते. काही घडले तर तीच पोच सांगेल, की धोका सरकारला आधी कळवला होता. आपली काडतुसे आजवर इतरांनी मोजली. इतरांची मोजायचा अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे. तो वापरायला दारू लागत नाही, अर्ज लिहिता येणारी चार मुले गावोगाव लागतात.